सावकारी परवाना नेमका कोणाला लागतो, आणि कर्ज घेणाऱ्याने काय तपासावे?

कुळागर (धागाकर्ता)

म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, कुठेही बाजारात फिरा, 'फायनान्स' अशी पाटी दिसते. कुठे सोनाराच्या पेढीला लागून, कुठे गॅरेजच्या वरच्या मजल्यावर. चतुर्थी जवळ आली की गर्दी वाढते. यांतल्या कोणाला 'गोवा सावकारी कायदा, २००१' खाली परवाना लागतो, कोणाला रिझर्व्ह बँकेची नोंदणी, आणि कोण दोन्हींशिवाय बसला आहे, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखायचे?

माझे मत आधीच मांडतो. भिंतीवर परवान्याची चौकट दिसली की लोक निर्धास्त होतात आणि कोऱ्या कागदावर सही करून मोकळे होतात. परवान्याने माणूस कायद्याच्या टप्प्यात येतो, पण त्याचा व्यवहार सरळ आहे असे त्यातून सिद्ध होत नाही. जाणकारांनी लिहावे. आपबीती नकोत, कागद आणि कलमे हवीत.

काळा_कोट_फोंडा

आधी चार खण पाडा, नाहीतर सगळी चर्चा एकमेकांत मिसळेल.

बँका पहिल्या खणात. त्यांना सावकारी कायदा लागत नाही. दुसऱ्यात एनबीएफसी, म्हणजे रिझर्व्ह बँक कायदा १९३४च्या कलम ४५-आयए खाली नोंदणी झालेली वित्त कंपनी. राज्यांचे सावकारी कायदे या कंपन्यांना लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी नेडुंपिल्ली फायनान्सच्या निकालात सांगितले. तो वाद केरळ आणि गुजरातच्या कायद्यांवरून होता, तत्त्व सगळीकडचे. तिसऱ्यात सहकारी पतसंस्था. त्या गोव्याच्या सहकार कायद्याखाली चालतात, कर्ज फक्त सभासदाला देतात आणि त्यांचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. चौथा खण सावकाराचा: व्याजाने पैसे देणे हाच ज्याचा धंदा आहे असा माणूस किंवा पेढी. परवाना लागतो तो याला.

शेजाऱ्याने एकदा हातउसने दिले म्हणून तो सावकार होत नाही. न्यायालय धंदा आहे का ते पाहते: वारंवार देतो का, अनोळखी लोकांना देतो का, व्याज ठरलेले आहे का, त्यासाठी वह्या ठेवतो का.

डिचोलीकर

म्हणजे 'फायनान्स' या पाटीला कायद्यात काहीच किंमत नाही?

काळा_कोट_फोंडा

पाटीला पेंटरकडे किंमत आहे.

एनबीएफसी म्हणवणाऱ्याकडे नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक मागा आणि रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या यादीत कंपनीचे पूर्ण नाव जुळवा. एका अक्षराचाही फरक सोडू नका. नव्या एनबीएफसीला किमान १० कोटी रुपयांचा स्वनिधी लागतो. गॅरेजवरच्या एका टेबलामागे तेवढा नसणार, तिथे बहुधा मोठ्या कंपनीचा एजंट बसलेला असतो. मग एजंटाच्या नावावर पैसे भरायचे नाहीत, कंपनीच्या खात्यावरच भरायचे.

पेडणे_पलीकडे

महाराष्ट्रात दर ठरलेले आहेत: शेतकऱ्याला तारणी कर्ज ९ टक्के, बिनतारणी १२, इतरांना तारणी १५, बिनतारणी १८. सगळे वर्षाचे. गोव्यात तेच धरायचे का?

खातेवही

नाही हो. ते आकडे महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्याखालच्या अधिसूचनेतले आहेत आणि सातार्ड्याच्या अलीकडे त्यांचा अंमल नाही. कर्नाटकात तारणी १४ आणि बिनतारणी १६ टक्के. सावकारी हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत ३०वा विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा पाट वेगळा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'सरकारी सावकारी दर' कुठल्या राज्याचा आहे ते पाहिल्याशिवाय तो घेऊन भांडायला जाऊ नये. गोव्याचे कायदे आणि नियम राजपत्राच्या मालिका १ मध्ये छापले जातात. सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर अंक मोफत मिळतो.

बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग इथून कर्ज घेणारे गोंयकार पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी मात्र महाराष्ट्राचा कायदा कामाचा. परवान्यावर व्यवहाराचे क्षेत्र लिहिलेले असते. सावंतवाडीचा परवाना दाखवून डिचोलीत दुकान थाटलेले दिसले तर तो परवाना डिचोलीसाठी कोरा कागद आहे. त्या कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १८ आणखी कडक आहे: सावकारीच्या ओघात लिहून घेतलेली स्थावर मालमत्ता, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, चौकशी करून जिल्हा निबंधक परत देवू शकतो.

घुमट_आणि_शामेळ

कळंतर (व्याज) महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. एवढे सरळ गणित आहे, त्यात फसवणूक कशी होते ते कोणी सांगेल का?

खातेवही

सरळ कुठे आहे? तीन नमुने देते.

पहिला, व्याज आधी कापणे. ५०,००० रुपये, महिना ३ टक्के, सहा महिने. ९,००० आधीच कापले, हातात ४१,००० आले, सहा महिन्यांनी ५०,००० परत द्यायचे. व्याज ५०,००० वर मोजले, वापरायला मिळाले ४१,०००. वर्षाचा खरा दर ३६ नव्हे, जवळजवळ ४४ टक्के.

दुसरा, सपाट दर. १ लाख, 'फक्त १२ टक्के', चोवीस हप्ते. व्याज २४,००० आणि हप्ता ५,१६७. मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागते. घटत्या शिलकीवर तोच दर सुमारे २१.६ टक्के भरतो.

तिसरा रोजच्या वसुलीचा. मासळी बाजारात, गाड्यांवर, भाजीवाल्या बायकांत हाच चालतो. १०,००० लिहायचे, १,००० 'फाइल खर्च' कापून ९,००० द्यायचे, मग रोज १०० प्रमाणे १२० दिवस. दिसायला २,००० व्याज. हिशोब मांडला तर रोजचा अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला १८० टक्क्यांच्या वर. फाइल खर्च न कापता पूर्ण १०,००० दिले असते तरी ११० च्या पुढेच.

घुमट_आणि_शामेळ

अर्धा टक्का ऐकायला किती गोड लागतो.

डिचोलीकर

तिसऱ्या नमुन्याबद्दल थोडे वेगळे मत आहे. पहाटे बांगड्याचा वाटा उचलायला जिला ९,००० हवेत तिला बँक त्या वेळी उघडी नसते आणि पतसंस्था दोन जामीनदार मागते. कायदा कडक केला तर हा पैसा बंद होईल आणि दर आणखी चढेल. खाणी २०१२ मध्ये बंद पडल्या आणि २०१८ मध्ये ८८ लीज रद्द झाली, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात ट्रकांचे हप्ते एकदम थांबले. त्या वेळी परवानेवाले, बिनपरवानेवाले असा भेद करायला कोणाला सवड होती?

काळा_कोट_फोंडा

गरज खरी आहे, पण ट्रकांचे उदाहरण इथे बसत नाही. ती बहुतेक कर्जे बँका, पतसंस्था आणि वित्त कंपन्यांची, ट्रकावर हायपोथिकेशन (वाहन तारण, ताबा मात्र कर्जदाराकडे) असलेली. तिथे निदान हिशोब कागदावर होता, म्हणूनच तडजोडीच्या योजना आखता आल्या. चिठ्ठीवरच्या कर्जाला कोणतीही योजना लागत नाही, कारण सरकारी दृष्टीने ते कर्ज झालेलेच नसते.

मासळीवालीचेच बोला तर मायक्रोफायनान्सचे नियम पाहा. १ एप्रिल २०२२ पासून कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर तारण मागता येत नाही, आणि सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. वसुलीचे फोन सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर बंद. ही बंधने रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या संस्थांना आहेत, बाजारातल्या वहीवाल्याला नाहीत.

दिवजां_सर्कल

भिशी कुठल्या खणात बसते? पणजीत प्रत्येक ऑफिसात एक चालू असते.

खातेवही

भिशी हा सावकारीचा विषय नाही, तो चिट फंड कायदा १९८२चा. त्यावर वेगळा धागा काढा, नाहीतर इथे गणपती विसर्जनापर्यंत तेच चालेल.

सोनारपेढी

सोन्याबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. गोव्यात घरातले कर्ज बहुधा पाटल्या-बांगड्यांवरच निघते.

गहाण ठेवताना पावतीवर पाच गोष्टी हव्यात: एकूण वजन, खडे-लाख-मेण वजा करून निव्वळ वजन, कॅरेट, प्रत्येक डागाचे (दागिन्याचे) वर्णन आणि त्या दिवशी धरलेला भाव. '१ नग हार' अशी पावती घेऊ नका. हॉलमार्कच्या डागावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तो पावतीत उतरवून घ्या, म्हणजे सोडवताना डाग बदलला का ते कळते. आकडा सांगतो. हार ४२ ग्रॅम, खडे आणि लाख ४ ग्रॅम, निव्वळ ३८. बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के, तेव्हा शुद्ध सोने ३४.८ ग्रॅम. बिनपावतीच्या जागी ४२ चे ३४ करायला दोन मिनिटे पुरतात: 'जुना डाग आहे, डाक (सांध्याची झाळ) जास्त आहे' म्हटले की झाले.

बँक-एनबीएफसीसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आणि अंमलासाठी १ एप्रिल २०२६ पर्यंत मुदत दिली. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांना ८०, त्यावर ७५ टक्के. भाव धरायचा तो तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला कमी असेल तो. कर्ज फिटल्यावर सात कामकाजी दिवसांत डाग परत करायचे, संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई. खाजगी सावकाराला यातले काही लागू नाही. तरी त्याच पद्धतीची पावती त्याच्याकडे मागायला कोणी अडवत नाही.

बोरीचो_पूल

डाग सोनाराने दुसरीकडे जास्त रकमेला गहाण टाकला तर?

सोनारपेढी

धंद्यात हे चालते आणि सगळ्यात जास्त डाग त्यातच बुडतात. पहिल्याने तुम्हाला ६० टक्क्यांवर कर्ज दिले, तोच डाग स्वतःच्या नावावर ८० टक्क्यांवर टाकला आणि मधला पैसा फिरवला. तुम्ही मुद्दल घेऊन गेलात की 'उद्या या, लॉकरची चावी नाही.' म्हणून सोडवायला जायच्या आठवडाभर आधी लेखी कळवा आणि पैसे देण्याआधी डाग समोर काट्यावर ठेवून घ्या. पैसे आधी, डाग नंतर हे मान्य करू नका.

तारवटी_बंदर

दक्षिण गोव्यात पासपोर्ट आणि सीडीसी (खलाशाचे नोंदपुस्तक) ठेवून घेतात, जहाजावर जायच्या आधी फी-प्रवासासाठी पैसे हवे असतात म्हणून. यावर कायदा काय म्हणतो?

काळा_कोट_फोंडा

पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता, पासपोर्ट कायदा १९६७ कलम १७. ती गहाण पडूच शकत नाही. सावकाराने अडकवला तर लेखी मागणी करा, नाही दिला तर पोलीस ठाण्यात तक्रार. मात्र 'हरवला' अशी खोटी तक्रार देऊन दुसरा काढू नका. तेव्हा गुन्हा तुमचा होतो आणि सावकार नामानिराळा राहतो.

एटीएम कार्ड पिनसकट ठेवून घेण्याचे तेच. दयानंद सामाजिक सुरक्षा, गृह आधार या सरकारी योजनांचे पैसे जमा होतात त्याच दिवशी तिकडूनच काढले जातात. त्याला वसुलीची पावती कधीच नसते. कार्ड बँकेत ब्लॉक करून नवे घ्यायला अर्धा दिवस लागतो, ते आधी करा आणि देणे काय राहिले त्याचा हिशोब मागाहून मागा.

पाटो_प्लाझा

कॅसिनोच्या आसपास रात्री दोन वाजता गाडी ठेवून पैसे मिळतात. त्यात कुठला कागद घेतात?

झुआरी_आरटीओ

कोरे फॉर्म २९ आणि ३०, दोन्हींवर सही, सोबत आरसीची मूळ प्रत, विम्याचा कागद आणि दुसरी चावी. २९ आणि ३० हे मालकी बदलाचे फॉर्म. तारणाची नोंद करायची तर फॉर्म ३४ हवा, ती आरसीवर चढते आणि फिटल्यावर फॉर्म ३५ ने उतरते. म्हणजे तिथे कर्ज दिले जात नाही, तारीख न घातलेली विक्री लिहून घेतली जाते. गाडी आधीच बँकेकडे हायपोथिकेटेड असेल तर ती दुसऱ्याच्या ताब्यात देणे कर्जकराराचा भंग, आणि प्रकरण फौजदारीपर्यंत जाऊ शकते.

मधल्या काळात ती गाडी कोणी चालवली आणि अपघात झाला तर भरपाई नोंदणीकृत मालकाकडे मागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे. चलनेही त्याच्याच नावावर.

दिवजां_सर्कल

रात्री दोन वाजता फॉर्म ३४ कोण मागणार!

काळा_कोट_फोंडा

घर-जमिनीचेही तसेच. कर्ज म्हणून पैसे घ्यायचे आणि सब-रजिस्ट्रारकडे विक्रीखत करायचे, 'पैसे दिलेस की उलट खत करून देतो' असे तोंडी. शर्त त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(सी) नुसार ते सशर्त विक्रीचे गहाण धरत नाहीत. वेगळ्या स्टँपपेपरवर लिहिलेली शर्त इथे चालत नाही, आणि हे बहुतेकांना कळते तेव्हा फॉर्म १ व १४ वर (जमिनीच्या उताऱ्यावर) नाव बदललेले असते.

गोव्यात दोन गोष्टी मात्र कर्जदाराच्या बाजूने आहेत. आपल्याकडे लग्नाने बहुधा सामाईक मालमत्तेची पद्धत लागू होते, त्यामुळे स्थावर विकायला किंवा गहाण टाकायला पती-पत्नी दोघांची संमती लागते. एकट्याची सही असलेले खत लंगडे. आणि २०२३च्या शेतजमीन हस्तांतरण निर्बंध कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकता येत नाही, त्यामुळे खाजनातले शेत सावकाराच्या नावावर चढवणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही.

बोरीचो_पूल

आणि कोरे चेक? दहापैकी नऊ ठिकाणी तेच घेतात.

काळा_कोट_फोंडा

यावर जरा लांब लिहितो, कारण बहुतेक लोक इथेच अडकतात.

१९४६च्या मुंबई सावकारी कायद्यात 'कर्ज' या शब्दाच्या व्याख्येतून ३,००० रुपयांवरची, वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) सोडून इतर परक्राम्य लेखावर (हातोहात फिरवता येणाऱ्या पैशाच्या कागदावर) दिलेली उचल वगळली होती. चेक हा तसा लेख आहे. त्या पळवाटेमुळे चेकवरच पैसे देण्याची चाल पडली आणि पक्की झाली. पोर्तुगीज अंमलात असल्यामुळे तो कायदा आपल्याकडे आला नाही, धंद्याची चाल मात्र आली.

चेक न वटल्यास परक्राम्य लेख कायद्याचे कलम १३८: बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस, त्यानंतर एक महिन्यात तक्रार. सही तुमची असेल तर देणे आहे असे न्यायालय आधी गृहीत धरते. सही करून स्वखुशीने दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी ते गृहीतक लागू होते, असे २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात ठरले. 'कोरा दिला होता' एवढ्यावर सुटका नाही. 'स्टॉप पेमेंट' दिले तरी कलम १३८ टळत नाही.

सुटका आहे ती हिशोबात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दशरथभाई पटेल प्रकरणात सांगितले की काही रक्कम फिटलेली असताना चेकवर तशी नोंद न करता पूर्ण रकमेचा चेक टाकला तर ती रक्कम कायदेशीर देणे धरता येत नाही. पण काही रक्कम फिटली हे दाखवणार कशाने? रोख दिली असेल तर कशानेच नाही.

खातेवही

म्हणूनच प्रत्येक हप्ता यूपीआयने द्यावा आणि शेऱ्यात 'मुद्दलापोटी' लिहावे.

काळा_कोट_फोंडा

पहिला भाग बरोबर, दुसरा अर्धाच. व्याज थकलेले असेल आणि उलट काही ठरलेले नसेल तर आलेला पैसा सावकार आधी व्याजात धरू शकतो. तुमच्या एकतर्फी शेऱ्याने तो बांधला जात नाही. सावकाराच्या पावतीवर 'मुद्दलात जमा' आले तरच खरे.

खातेवही

मान्य. पण शेरा निदान तारीख आणि कर्जाचा संदर्भ ठेवतो, रोखीत तेवढेही राहत नाही. शिवाय २०,००० आणि त्यावरचे कर्ज रोखीत घेता येत नाही. दोघांचेही उत्पन्न केवळ शेतीचे असेल तर अपवाद, नाहीतर आयकराचा दंड कर्जाएवढाच, आणि तो *घेणाऱ्यावर* बसतो. सावकार 'रोख घे, कटकट नको' म्हणतो तेव्हा कटकट कोणाची वाचते ते बघा.

डिचोलीकर

वचनचिठ्ठी बरी की चेक?

काळा_कोट_फोंडा

वचनचिठ्ठी. तीत रक्कम, दर, तारीख सगळे एका कागदावर येते. रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही हवी. स्टँप नसेल तर नंतर दंड भरूनही ती पुराव्यात घेता येत नाही. दावा लावायची मुदत तीन वर्षे. मधे लेखी कबुली किंवा सहीनिशी भरणा झाला की मुदत पुन्हा मोजायची. म्हणून दोन वर्षे अकरा महिन्यांनी सावकार 'फक्त हिशोबावर सही कर' म्हणून येतो.

कुळागर

मूळ प्रश्नाकडे वळूया. सावकार म्हणाला परवाना आहे, क्रमांक दिला. आता घेणाऱ्याने करायचे काय?

खातेवही

मूळ परवाना पाहा, झेरॉक्स नको. त्यावरचे नाव आणि पैसे देणाऱ्याचे नाव एकच आहे ना? परवाना वडिलांच्या नावाचा आणि वह्या मुलाच्या, असे पुष्कळ असते. पत्ता त्याच दुकानाचा आहे ना, आणि मुदत संपलेली नाही ना? मग पावतीपुस्तक मागा. छापील चालू क्रमांक नसतील, किंवा पुस्तकच नसेल आणि फक्त डायरी असेल, तर तुमचे कर्ज त्याच्या अधिकृत वहीत चढणार नाही.

१९४६च्या कायद्याने घातलेली चौकट, म्हणजे रोजकीर्द, खातावणी, प्रत्येक भरण्याची पावती, कर्जदाराला वेळोवेळी हिशोबाचे विवरण, हीच सावकारी नियंत्रणाची जुनी रीत आहे. तपासनीस येतो तो या वह्या पाहायला. सावकाराकडे दोन वह्या असतात: एकीत दहा कर्जे, रास्त दर, नीट पावत्या, दुसरी घरी. तपासनिसाला पहिली दिसते. दुसरी वही उघडी पाडणारा एकच, कर्जदार, आणि त्याच्या हातात कागदच नसतो. देखरेख दुबळी म्हणून कचेरीला नावे ठेवतो ते ठीक, पण पावती न घेणारा गिऱ्हाईक ती आणखी दुबळी करतो.

काळा_कोट_फोंडा

परवाना खरा की खोटा हे माहिती अधिकारातून काढता येते. अर्ज जिल्हाधिकारी कचेरीच्या माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या. विषय दुसऱ्या कचेरीचा असला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, 'इथे नाही, तिथे जा' हे उत्तर चालत नाही. विचारायचे एवढेच: अमुक क्रमांकाचा परवाना कोणाच्या नावे, कोणत्या पत्त्यासाठी, कोणत्या तारखेपर्यंत आणि शेवटची तपासणी कधी. इतर कर्जदारांचे हिशोब मागू नका, त्रयस्थाची माहिती म्हणून अख्खा अर्ज अडकतो. उत्तराची मुदत तीस दिवस.

घुमट_आणि_शामेळ

तीस दिवस थांबता आले असते तर माणूस पतसंस्थेतच गेला असता, बाब.

काळा_कोट_फोंडा

खरे आहे. म्हणून हा अर्ज कर्ज घेणाऱ्याने करायचा नाही. पंचायत सदस्य, बाजारातली संघटना, स्वयंसाहाय्य गट यांनी वर्षातून एकदा आपल्या भागातल्या सगळ्या पाट्यांचा मिळून करायचा आणि उत्तराची प्रत फलकावर लावायची.

वाघाळी

अ‍ॅपवरच्या कर्जाचे काय? तिथे तर भिंतच नाही परवाना टांगायला.

झुआरी_आरटीओ

अ‍ॅपच्या मागे बँक किंवा एनबीएफसी असायलाच हवी. पैसे थेट तुमच्या बँक खात्यात यायला हवेत, आधी मुख्य तथ्य पत्रक हवे, त्यात वार्षिक खर्चाचा दर हवा, आणि ठरावीक दिवसांत दंडाशिवाय कर्ज परत करायची सोय हवी. रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून अशा अ‍ॅपची यादी संकेतस्थळावर ठेवली आहे. यादीत नसलेले अ‍ॅप फोनमधले नंबर, फोटो मागते ते वसुलीसाठीच. फसवणूक झाली तर १९३० ला फोन, आणि बेकायदा कर्जवाल्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर.

बोरीचो_पूल

माणसे दारात येऊन बसतात, शिव्या देतात, त्याची तक्रार कुठे?

काळा_कोट_फोंडा

लगेचची गरज असेल तर ११२. धमकी असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१, धमकावून पैसे किंवा कागद काढून घेतले तर ३०८. 'पैसे घेतलेत ना, मग द्या' असे ठाण्यावर सांगतात तेव्हा म्हणा की देण्याबद्दल वाद नाही, तक्रार वसुलीच्या पद्धतीबद्दल आहे. तक्रारीत व्याजाचे गाऱ्हाणे आणि धमकीचे गाऱ्हाणे एकत्र करू नका, नाहीतर 'दिवाणी बाब' असा शेरा मारून कागद परत येतो. सावकारी कायद्याखालची तक्रार परवाना अधिकाऱ्याकडे वेगळ्या कागदावर. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००.

कुळागर

त्या तक्रारीला काय काय जोडायचे?

खातेवही

एका पानावर तक्ता करा: तारीख, मिळालेली रक्कम, कापलेली रक्कम, दिलेली रक्कम, कशी दिली. बँकेच्या उताऱ्यात त्या नोंदींखाली पेनाने रेघ ओढा. दिलेल्या प्रत्येक चेकचा क्रमांक लिहा, पानांचा हिशोब चेकबुकाच्या अर्ध्यांवरून (काउंटरफॉइलवरून) लागतो. गहाण डागाची पावती नसेल तर खरेदीचे बिल आणि डाग घातलेला फोटो. व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट नकोत, संभाषण एक्स्पोर्ट करून छापा आणि फोन बदलू नका. मूळ कागद कुठेही सोडू नका. झेरॉक्सवर सही करून द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्या. खिडकीवरचा माणूस 'शिक्का नाही' म्हणाला तर तीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा.

सोनारपेढी

आणि सोनाराच्या काट्याचा फोटो असेल तर तो पण. काट्यावरचा आकडा आणि डाग एकाच चौकटीत दिसला पाहिजे.